कुमुदिनी दांडेकर आणि मराठी कुटुंबाची मोजदाद

लोकसंख्याशास्त्र म्हणजे माणसांची शिरगणती, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जन्म, मृत्यू, विवाह आणि स्थलांतर या चार घटनांमुळे समाजाची रचना कशी बदलते, याचा शोध घेणारे हे शास्त्र आहे. त्यातही स्त्रीला किती मुले होतात, ती केव्हा होतात, त्यांतील किती जगतात आणि त्यामागे कुटुंबाचे कोणते विचार व कोणत्या अडचणी असतात, हा त्याचा सर्वांत नाजूक भाग. महाराष्ट्रात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी उभा केला, त्यांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९५० च्या दशकाच्या आरंभापासून १९९० च्या दशकापर्यंत त्यांचे लेखन प्रसिद्ध होत राहिले. जननप्रमाणाच्या पाहण्यांपासून वृद्धांच्या प्रश्नापर्यंत पोहोचलेला हा अभ्यासप्रवास म्हणजे मराठी कुटुंबाच्या चार दशकांतील स्थित्यंतराचा आलेखच होय.

पूर्वपीठिका

कुटुंबाचा आकार हा सार्वजनिक चर्चेचा विषय होऊ शकतो, हेच मुळात महाराष्ट्राला पचायला जड गेले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालविले. त्यासाठी त्यांना नोकरीवर पाणी सोडावे लागले आणि न्यायालयाची पायरीही चढावी लागली. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या प्रणेत्या मार्गारेट सँगर यांनी वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेतली. स्त्रीला नकोशा बाळंतपणातून मुक्ती मिळाली पाहिजे, यावर दोघांचेही एकमत होते. मार्गाविषयी मात्र तीव्र मतभेद होते. गांधीजींचा आग्रह संयमाचा, तर सँगर यांचा साधनांचा. वर्ध्यातील हा संवाद जगभर गाजला.

कर्वे, गांधी आणि सँगर या तिघांच्याही प्रतिपादनात विचार होता, तळमळ होती. नव्हती ती आकडेवारी. सातारा किंवा वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी सरासरी किती मुले जन्मतात, त्यांतील किती दगावतात, नवरा-बायकोला किती मुले हवी असतात, याचे विश्वसनीय उत्तर कोणाजवळच नव्हते. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी अपुऱ्या होत्या. १९५१ च्या जनगणनेने देशाची लोकसंख्या ३६ कोटींवर गेल्याचे सांगितले. परंतु जनगणना दहा वर्षांतून एकदा डोकी मोजते, घरातील निर्णय कसे होतात हे ती सांगत नाही.

पुणे जिल्ह्याची पाहणी

रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेल्या संशोधनाची परंपरा घालून दिली होती. गावोगाव फिरून, घरोघर जाऊन माहिती गोळा करावी आणि मगच निष्कर्ष काढावा, हा तिचा दंडक होता. नी. वि. सोवनी यांनी कोल्हापूर शहराच्या सामाजिक पाहणीत लोकसंख्या आणि जननप्रमाणाला स्वतंत्र खंड दिला. तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या परंपरेतच वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर या दांपत्याने पुणे जिल्ह्यातील जनन आणि मृत्युप्रमाणाची पाहणी केली. तिचा ग्रंथ १९५३ मध्ये संस्थेने प्रकाशित केला. पुढे दारिद्र्याविषयीच्या ग्रंथामुळे आणि विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाची मोजदाद करणाऱ्या १९८४ च्या अहवालामुळे वि. म. दांडेकर यांचे नाव घराघरांत पोहोचले. मात्र त्यांच्या नमुना पाहणीच्या शास्त्राचा एक आरंभीचा मोठा प्रयोग मराठी कुटुंबावर झाला होता आणि त्यात कुमुदिनीबाई बरोबरीच्या भागीदार होत्या, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

त्यानंतर सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांनी नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांतील जननप्रमाणाची पाहणी करून १९५५ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता आणि आजचा सातारा तेव्हा उत्तर सातारा. घाटमाथा, कोकणपट्टी आणि खानदेशाला लागून असलेला मुलूख अशा भिन्न प्रदेशांतील कुटुंबांची तुलना त्यामुळे शक्य झाली. याच सुमारास संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहकार्याने म्हैसूर राज्यात आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने पंजाबातील खन्ना येथेही कुटुंबांच्या पाहण्या सुरू होत्या. पुण्यातील काम त्यांच्या तोडीचे होते आणि ते स्थानिक संस्थेने, स्थानिक भाषेतील प्रश्नावलीच्या बळावर केले होते.

प्रश्न विचारण्याचे शास्त्र

अशा पाहणीतील अडचणींची कल्पना बाहेरच्यांना सहसा नसते. ‘आपणांस किती मुले झाली?’ हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. परंतु जन्मल्यावर काही तासांत किंवा दिवसांत गेलेले मूल उत्तरातून हटकून गळते. कधी दुःखामुळे, कधी अपशकुनाच्या भीतीने, तर कधी ते मोजायचे असते हेच न वाटल्याने. सासरी नांदणारी मुलगी ‘आमची’ म्हणून मोजायची की नाही, याविषयीही घोळ होतो. म्हणून एकच प्रश्न तोडून विचारावा लागतो: घरात राहणारे मुलगे किती, मुली किती, अन्यत्र असलेले किती, जन्मून वारलेले किती. या सहा-सात उत्तरांची बेरीज झाली की खरी संख्या हाती येते.

वयाचा प्रश्न त्याहून बिकट. जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसे पंचवीस, तीस, पस्तीस अशी शून्य किंवा पाचाने संपणारी वये सांगतात. मग दुष्काळ, प्लेगची साथ, गावातील एखादी मोठी घटना किंवा थोरल्या मुलाचे वय यांचा आधार घेऊन वय ठरवावे लागते. नवऱ्याचे नाव घेण्यास संकोचणाऱ्या स्त्रीकडून विवाहाचे वर्ष, पहिल्या बाळंतपणाचे वर्ष आणि दोन मुलांमधील अंतर काढून घेणे, हे कौशल्याचे आणि विश्वासाचे काम. सासू उंबऱ्यात बसलेली असताना मिळणारे उत्तर आणि ती उठून गेल्यावर मिळणारे उत्तर यांत फरक पडतो, हे जाणणारा अन्वेषकच खरी आकडेवारी आणू शकतो.

या माहितीतून जे मुख्य मान काढले जाते, त्यास एकूण प्रजननदर म्हणतात. एखाद्या वर्षी निरनिराळ्या वयोगटांतील स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले होतात, तेच प्रमाण एका स्त्रीच्या संपूर्ण जननक्षम वयात कायम राहिले, तर तिला सरासरी किती मुले होतील, याचा तो अंदाज असतो. हे मान २.१ च्या आसपास असेल तर एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा भरून काढते. दीर्घकाळ त्याखाली राहिल्यास, बाहेरून माणसे न आल्यास, लोकसंख्या कालांतराने घटू लागते. १९५० च्या दशकात भारतात हे मान सुमारे सहा होते.

सहा ग्रामीण समुदाय आणि विधवेचा प्रश्न

कुमुदिनीबाईंचा सहा ग्रामीण समुदायांच्या लोकसंख्या-पाहणीचा ग्रंथ १९५९ मध्ये आला. या अभ्यासातूनच विधवा-पुनर्विवाहावरील त्यांचा निबंध तयार झाला आणि न्यूयॉर्क येथे १९६१ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेसाठी तो सादर झाला. विषय वरवर सामाजिक सुधारणेचा वाटला, तरी त्याचा संबंध थेट जननाशी होता. ज्या जातींत पाट लावण्याची रूढी होती, तेथे तरुण विधवा पुन्हा संसारात येई. ज्या जातींत ती निषिद्ध होती, तेथे तिच्या जननक्षम वयाची अनेक वर्षे वैधव्यात जात. मृत्युदर मोठा असलेल्या काळात वैधव्यही मोठ्या प्रमाणावर येई. त्यामुळे कुटुंबाचा आकार केवळ दांपत्याच्या इच्छेवर नव्हे, तर जातीच्या रूढींवर आणि मरणाच्या हिशेबावरही अवलंबून असे.

याच धाग्यातून पुढे विवाहाच्या वयाचा विचार आला. स्त्रियांच्या विवाहवयावरील त्यांचा लेख १९७४ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. मुलीच्या विवाहाची किमान वयोमर्यादा कायद्याने १९२९ मध्ये १४, १९४९ मध्ये १५ आणि १९७८ मध्ये १८ वर्षे केली. कायदा आणि व्यवहार यांतील अंतर मात्र संपलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाला होता.

शिबिरे, लूप आणि उद्दिष्टांचा हव्यास

भारत सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाची स्थापना झाली. १९६० च्या सुमारास महाराष्ट्रात पुरुष नसबंदीची शिबिरे भरू लागली. या शिबिरांचा अभ्यास करून कुमुदिनीबाईंनी लिहिलेला निबंध १९६३ मध्ये लंडनच्या ‘पॉप्युलेशन स्टडीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. किती शस्त्रक्रिया झाल्या हे सरकार सांगतच होते. अभ्यासकाचे प्रश्न वेगळे असतात: शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याचे वय काय, त्याला आधीच किती मुले आहेत, त्याच्या पत्नीचे जननक्षम वय किती उरले आहे? कुटुंब पूर्ण झालेल्या प्रौढांवरच शस्त्रक्रिया होत असतील, तर आकडा फुगतो. जन्म मात्र फारसे कमी होत नाहीत.

१९६५ मध्ये लूप हे साधन देशभर मोठ्या आशेने आणले गेले. त्या वेळी केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या डॉ. सुशीला नायर, म्हणजे गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या आणि पुढे १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभारणाऱ्या डॉक्टर. १९६६-६७ मध्ये देशात नऊ लाखांवर स्त्रियांना लूप बसविण्यात आले. नंतर हे प्रमाण झपाट्याने घसरले. रक्तस्राव, वेदना, अपुरी तपासणी आणि बसविल्यानंतरची उपेक्षा यांची चर्चा बायकाबायकांत पसरली आणि ती सरकारी प्रचारापेक्षा वेगवान ठरली. कुमुदिनी दांडेकर आणि सुरेखा निकम यांनी या विषयावर १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाच्या शीर्षकातच ‘नेमके अपयश कशाचे?’ असा प्रश्न होता. अपयशाचे खापर अडाणी बाईवर फोडण्याची सवय जडलेल्या व्यवस्थेपुढे असा प्रश्न मांडणे, हेच त्या काळी महत्त्वाचे होते. त्यापूर्वी १९६७ मध्ये कुटुंबनियोजनाचा संदेश लोकांपर्यंत कसा पोहोचतो, याविषयीच्या एका प्रयोगाचा अहवालही त्यांनी प्रसिद्ध केला होता.

उद्दिष्टांच्या हव्यासाची परिणती आणीबाणीत झाली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांवरील होत्या. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले. ते अमलात मात्र आले नाही. या सक्तीचा डाग दीर्घकाळ टिकला. पुरुष या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेर पडले आणि संपूर्ण भार स्त्रीच्या शरीरावर आला. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पतीची नसबंदी झालेल्या मात्र केवळ ०.३ टक्के होत्या. ज्या राज्यात कुटुंबनियोजनाची सुरुवात पुरुषांच्या शिबिरांनी गाजली, तेथेही चित्र वेगळे नाही.

कोठे गेल्या स्त्रिया?

भारताच्या लोकसंख्येतील स्त्रियांचे प्रमाण का घटत आहे, हा प्रश्न कुमुदिनीबाईंनी ऑक्टोबर १९७५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तील लेखात उपस्थित केला. १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९६१ मध्ये ९४१ आणि १९७१ मध्ये ९३० उरल्या. त्या वेळी गर्भलिंगनिदानाचे तंत्र सर्वत्र पोहोचले नव्हते. मुलींच्या आजारपणाकडे दुर्लक्ष, बाळंतपणातील मृत्यू, स्त्रियांची मोजणीतच होणारी गळती आणि मृत्युदर घटताना त्याचा लाभ पुरुषांना अधिक मिळणे, अशा शक्यतांवर अभ्यासकांत वाद झडत होते.

पुढे सोनोग्राफी आली आणि कुटुंब लहान होत असताना मुलाचा हव्यास मात्र तसाच राहिला. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला; केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही सहा वर्षांखालील मुलामुलींमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर आली. लहान कुटुंब म्हणजे आपोआप न्याय्य कुटुंब नव्हे, हा धडा या आकड्यांनी दिला.

रोजगारापासून वार्धक्यापर्यंत

जननाचा अभ्यास करणारा संशोधक हळूहळू स्त्रीच्या संपूर्ण आयुष्याकडे वळतो, याचे कुमुदिनीबाई हे उत्तम उदाहरण. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर मंजू साठे यांच्यासमवेत त्यांनी १९८० मध्ये लेख लिहिला आणि स्त्रियांना मिळणाऱ्या रोजगाराच्या संधीवरचा त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये आला. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेली ही योजना पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याची पूर्वसुरी ठरली. तिच्या कामांवर खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. हाती स्वतःची मजुरी आलेल्या स्त्रीचे घरातील स्थान आणि मुलांविषयीचा तिचा निर्णय यांचा संबंध लोकसंख्येच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येत नाही.

१९९६ मध्ये भारतातील वृद्धांविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या काळात देशाचे लक्ष अजून जन्मदराकडेच होते, तेव्हा त्यांनी कुटुंबाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले. मुले कमी झाली आणि आयुर्मान वाढले की सांभाळणारे हात घटतात आणि सांभाळायची माणसे वाढतात, हे गणित टाळता येत नाही.

वडनेरच्या उंबऱ्यावर

नागपूर-हैदराबाद महामार्गावरील वडनेर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील कापूसपट्ट्याचे गाव. अशा गावांतील बदल समजून घ्यायचा, तर जिल्ह्याच्या आकड्यांपासून आरंभ करता येतो. २००१ मध्ये वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३६ हजार ७३६ होती. २०११ मध्ये ती १३ लाख ७७४ झाली. दहा वर्षांतील ही वाढ जेमतेम ५.२ टक्के होती. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. कमी जन्म आणि नोकरी-शिक्षणासाठी नागपूर, पुण्याकडे जाणारे तरुण, अशी दोन्ही कारणे अशा मंदावलेल्या वाढीमागे असतात. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे सांगण्यासाठी जन्म, मृत्यू आणि स्थलांतर वेगवेगळे मोजावे लागतात.

राज्याचे एकूण चित्र स्पष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम पाहणाऱ्या मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेची स्थापना १९५६ मध्ये झाली. तिच्या पाहण्यांनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजननदर १९९२-९३ मध्ये २.८६ होता. तो १९९८-९९ मध्ये २.५२, २००५-०६ मध्ये २.११, २०१५-१६ मध्ये १.८७ आणि २०१९-२१ मध्ये १.७१ झाला. देशाचा दरही या शेवटच्या पाहणीत दोनच्या किंचित खाली उतरला. ही घसरण सक्तीने घडलेली नाही. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर भारताने १९९६ मध्ये कुटुंबनियोजनातील उद्दिष्टांची पद्धत सोडली, त्यानंतरही ती चालू राहिली. जन्मलेले मूल जगेल याची खात्री, मुलींचे शिक्षण, उशिरा होणारे विवाह, शेतीचे घटते तुकडे आणि मुलाच्या शिक्षणाचा वाढता खर्च यांनी ते काम केले. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला दोन मुलांपुढे का जाऊ नये, हे सांगण्यास आता सरकारी भित्तिचित्राची गरज उरलेली नाही.

तरीही कायदे जुन्या भीतीवरच उभे आहेत. राज्य शासनाने २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाची अट घातली. याउलट आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली आणि तेथे अधिक मुलांचे आवाहन होऊ लागले. पन्नास वर्षांपूर्वी कमी मुलांची सक्ती करू पाहणारी व्यवस्था उद्या अधिक मुलांचा आग्रह धरू शकते. दोन्ही वेळी स्त्रीला काय हवे, हा प्रश्न मागेच पडतो.

२०२१ मध्ये व्हावयाची जनगणना लांबली. १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून ती घेण्याचे केंद्राने जून २०२५ मध्ये अधिसूचित केले. प्रगणक वडनेरच्या उंबऱ्यावर जाईल, तेव्हा त्याच्या वहीत किती मुले यापेक्षा किती वृद्ध एकटे, किती तरुण बाहेरगावी, या नोंदी अधिक बोलक्या ठरण्याचा संभव आहे. आकडे धोरणकर्त्याच्या सोयीसाठी नव्हे, तर कुटुंबाची अडचण ऐकण्यासाठी गोळा करायचे असतात. कुमुदिनी दांडेकर यांच्या चार दशकांच्या कामाचे मोल याच जाणिवेत आहे, आणि लोकसंख्येचा प्रश्न ‘फार’ वरून ‘फार कमी’कडे सरकत असताना तिची गरज घटलेली नाही.